सामाईक घर आणि डोक्यावरचें देणें



‘घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून’ ही म्हण आपण सर्वांनीं लहानपणींच ऐकलेली आहे. या दोन कामांत माणसाची कसोटी लागते, एवढाच तिचा अर्थ आपण घेतों. परंतु ज्या जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ मुलखांत माझीं नोकरीचीं वर्षें गेलीं, तेथें ही म्हण कर्जाच्या वहींतील दोन मथळ्यांसारखी वाटते. तेथील माणूस मोठें कर्ज काढतो तें बहुधा या दोहोंपैकीं एकासाठीं. आज मला बोलावयाचें आहे तें घरासाठीं काढावयाच्या कर्जाविषयीं. आणि त्यांतही एका अडचणीच्या प्रसंगाविषयीं. ज्याच्या डोक्यावर आधींच देणें आहे, अशा माणसानें भावाशीं, पत्नीशीं अथवा दुसऱ्या कोणाशीं भागीनें घर घ्यावयाचें ठरविलें, तर त्याला तारणावर कर्ज मिळेल काय, आणि तें त्यानें कोणत्या रीतीनें मागावें ?

विषय रूक्ष आहे. शिवाय शहरांतील सुशिक्षित श्रोत्यांस असेंही वाटेल कीं, वारली-कोकण्यांच्या पाड्यावरील कर्जाचा आणि आपल्या सदनिकेच्या कर्जाचा संबंध काय ? तो संबंध फार जवळचा आहे. भागीच्या घरांत प्रत्येक भागीदाराचें खासगी देणें हें अखेर त्या घराचेंच देणें होऊन बसतें. बँकेच्या छापील कागदांत ही गोष्ट बारीक अक्षरांत दडलेली असते. वावरसारख्या गांवांत ती उघड्यावर दिसते.

वावर हें जव्हार तालुक्यांतील गांव. १९९२-९३ सालीं वावर-वांगणीच्या परिसरांत कुपोषणानें बालकें दगावलीं, तेव्हां त्याचें नांव वर्तमानपत्रांतून सर्वत्र गेलें. त्या वेळीं हा मुलूख ठाणें जिल्ह्यांत होता. १ ऑगस्ट २०१४ रोजीं नवा पालघर जिल्हा झाला, तेव्हां तो त्यांत आला. भात, नागली, वरई हीं येथील पिकें. पाऊस उदंड, परंतु जमीन उताराची आणि हंगाम एकच. कापणी-झोडणी आटोपून दिवाळी झाली, कीं कुटुंबेंच्या कुटुंबें भिवंडी, वसई, कल्याण या बाजूंच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. जाण्यापूर्वीं त्यांच्या हातांत बयाणा पडलेला असतो. बयाणा म्हणजे मजुरीची आगाऊ उचल. ही रक्कम पुढील हंगामाच्या कष्टांतून वळती व्हावयाची असते.

गहाणाची कायदेशीर व्याख्या १८८२ सालच्या मालमत्ता-हस्तांतरणाच्या कायद्यांत दिलेली आहे. कर्जाच्या फेडीची हमी म्हणून स्थावर मिळकतींतील हक्क धनकोकडे सोंपविणें, हें तिचें सार. पण ज्याच्यापाशीं स्थावर मिळकतच नव्हती, त्यानें काय सोंपवावयाचें ? जुन्या ठाणें जिल्ह्यांत याचें उत्तर ‘लग्नगडी’ या शब्दांत सांपडत असे. लग्नासाठीं सावकाराकडून कांहीं रुपये घ्यावयाचे, आणि तें ऋण फिटेपर्यंत नवराबायकोनें त्याच्या शेतांत राबावयाचें, अशी ती चाल. असलें ऋण सहसा फिटत नसे. १९४५ सालापासून उंबरगांव-डहाणूकडील वारल्यांनीं वेठ आणि लग्नगडी यांविरुद्ध जो लढा दिला, त्याची हकीकत श्रीमती गोदावरी परुळेकर यांनीं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकांत लिहून ठेविली आहे. पुढें १९७६ च्या कायद्यानें वेठबिगार देशभर रद्द झाली, आणि तिच्यांत माणसास जखडून ठेवणारें ऋणही रद्द ठरलें. लग्नगडी गेला. मात्र ज्याच्यापाशीं दुसरें तारण नाहीं, तो आपले पुढचे सहा महिने तारण ठेवतो, ही गोष्ट बयाण्याच्या रूपानें अजून पुष्कळ घरीं शिल्लक आहे.

यावर कोणी विचारील कीं, ज्यांना जमीन आहे त्यांनीं ती गहाण ठेवून घर कां बांधूं नये ? याचें कारण कायद्यांत आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ सालचा. त्यांत १९७४ सालीं ३६-अ हें कलम घातलें गेलें. त्या अन्वयें आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीस विकावयाची किंवा गहाण द्यावयाची, तर सरकारी परवानगीवांचून तसें करतां येत नाहीं. २००६ च्या वनहक्क कायद्याखालीं मिळालेली जमीन तर वारसानें पुढें जाते, पण ती दुसऱ्यास देतांच येत नाहीं. तारण घेणारा मनांत नेहमीं एकच हिशोब करतो : कर्ज बुडालें तर ही वस्तु मला विकतां येईल काय ? विक्रीची वाट अशी अरुंद असली, कीं धनको हात आंखडता घेतो.

हीं बंधनें काढून टाकावीं, म्हणजे आदिवासीस कर्ज सहज मिळेल, असें कांहीं सुशिक्षित गृहस्थ म्हणतात. त्यांनीं थोडा इतिहास आठवावा. १८७५ सालीं पुणें आणि नगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनीं सावकारांचे दस्तऐवज जाळले, आणि १८७९ सालीं सरकारास दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा करावा लागला. ज्याला कागद वाचतां येत नाहीं त्याची जमीन कागदावरून किती लवकर निसटते, हें त्या वेळीं दिसून आलें. सावकारासाठीं लावलेली कडी बँकेलाही बाहेर ठेवते, हें खरें; परंतु म्हणून कडीच उखडून टाकणें हा उपाय नव्हे. वनहक्काच्या त्याच कायद्यांत एक फार चांगली गोष्टही आहे : विवाहित माणसाचा हक्क पति व पत्नी या दोघांच्या नांवें नोंदवावयाचा असतो. सामाईक मालकी ही केवळ शहरांतली कल्पना आहे असें ज्यांना वाटत असेल, त्यांनीं वावरच्या पाड्यावरील हा दाखला पाहावा.

जमिनीवर कर्ज नाहीं, म्हणून घर बांधावयाचें तें सरकारी अनुदानावर. २०१६ सालीं सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण विभागांत मूळ अनुदान सपाट प्रदेशांत १ लाख २० हजार रुपये आणि डोंगराळ प्रदेशांत १ लाख ३० हजार रुपये असें ठरलें, आणि घराचें किमान क्षेत्रफळ स्वयंपाकाच्या जागेसह २५ चौरस मीटर. इच्छा असल्यास ७० हजार रुपयांपर्यंत बँकेचें कर्ज मिळण्याची सोय योजनेंत लिहिलेली आहे. अनुदान कामाच्या प्रगतीप्रमाणें हप्त्याहप्त्यानें मिळतें. पण जोत्याचा दगड, वीट, सिमेंट, लोखंड यांचे पैसे, घाटरस्त्यानें तें वर आणण्याचें भाडें आणि गवंड्याची मजुरी हीं हप्त्याची वाट पाहात थांबत नाहींत. करवीच्या कुडाचें, शेणामातीनें लिंपलेलें जुनें घर घरच्या माणसांच्या हातांनीं उभें राहात असे. पक्कें घर रोख रकमेवांचून उभें राहात नाहीं. मग जी तूट पडते ती पुष्कळदां बयाण्यानें भरून निघते.

याचा परिणाम मला शाळेच्या हजेरीपटावर दिसत असे. ज्या घराचें काम त्या वर्षीं सुरू झालें, त्याच घरचीं मुलें दिवाळीनंतर वर्गांतून दिसेनाशीं होत. घर नवें, दाराला कुलूप, आणि घरधनी आपल्या लेंकराबाळांसह भट्टीवरच्या खोपटांत ! सरकारनें दिलेल्या घरावर एक पैशाचेंही गहाण नव्हतें. तरी त्या घरांतील माणसें मात्र गहाण पडलेलीं होतीं. कागदावर कोठेंही न दिसणारें देणें घराच्या मालकीचा उपभोग कसा हिरावून घेतें, याचें याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाहीं.

कांहीं पाड्यांवर बायकांनीं यावर उतारा काढला आहे तो बचत गटाचा. १९९२ सालीं राष्ट्रीय कृषि व ग्रामीण विकास बँकेनें, म्हणजे नाबार्डनें, देशांत ५०० गट बँकांशीं जोडण्याचा प्रयोग आरंभिला, आणि पुढें तो सर्वत्र पसरला. दहा-बारा बायका दरमहा ठरलेली रक्कम एकत्र करतात, आपसांत कर्ज देतात, आणि गटाची शिस्त पाहून बँक सर्व गटास कर्ज देते. येथें जमिनीचें तारण नसतें. कोणीचें किती देणें आहे हें दर बैठकींत सर्वांसमोर वाचलें जातें, हेंच तेथील तारण. घराच्या तुटीचे चाळीस हजार रुपये अशा वहींतून मिळाले, तर तेवढ्यापुरतें तरी त्या कुटुंबास भट्टीची वाट धरावी लागत नाहीं. हीं उघड्या वहीची रीत लक्षांत ठेवावी, कारण शहरांतल्या घराच्या कर्जालाही आपणांस तीच लागणार आहे.

आतां याच पाड्यावरचा एखादा मुलगा शिकतो, शिक्षक होतो, आणि त्याचा धाकटा भाऊ बोईसरच्या कारखान्यांत लागतो. दोघे मिळून पालघर-बोईसरकडे सदनिका घ्यावयाची म्हणतात. हा माझा कल्पित दाखला समजावा. आपल्या घरीं पति-पत्नी, बापलेक किंवा दोन बहिणी असतील. थोरल्याचें मासिक उत्पन्न ३० हजार आणि धाकट्याचें २० हजार धरूं. एकूण ५० हजार. बँका आपापल्या नियमाप्रमाणें उत्पन्नाचा कांहीं भाग सर्व हप्त्यांसाठीं मोकळा आहे असें धरतात. सोयीसाठीं आपण निम्मा धरूं, म्हणजे २५ हजार. व्याज दरसाल दर शेंकडा ९ आणि मुदत २० वर्षें असली, तर प्रत्येक लाखास दरमहा सुमारें ९०० रुपये हप्ता पडतो. २५ हजारांत सुमारें २७ लाख ८० हजारांचें कर्ज बसतें.

पण थोरल्यानें बहिणीच्या लग्नासाठीं पतसंस्थेचें कर्ज काढलें आहे, त्याचा हप्ता ६ हजार. धाकट्याच्या मोटारसायकलीचा ४ हजार. आणि भ्रमणध्वनि, दूरदर्शन संच वगैरे हप्त्यानें घेतलेल्या वस्तूंचे ३ हजार. एकंदर १३ हजार. राहिले १२ हजार, आणि त्यांत कर्ज बसतें तें अवघें १३ लाख ३० हजारांचें. म्हणजे ज्या किरकोळ देण्यांचें मुद्दल सारें मिळून दोन-अडीच लाखांवर नाहीं, त्यांनीं साडेचौदा लाखांची पत खाऊन टाकली ! बँक देण्याची एकूण रक्कम जेवढी पाहते, त्याहून अधिक दर महिन्याचा हप्ता पाहते, ही गोष्ट सामान्य माणसास उमगत नाहीं. लहान मुदतीचें छोटें कर्ज हें घराच्या कर्जाचें मोठें वैरी असतें. अशीं कर्जें बहुधा दीड-दोन वर्षांत संपणारीं असतात. घराची घाई दोन वर्षें पुढें ढकलणें आणि तेवढ्यांत हीं देणीं निकालांत काढणें, यापरता सोपा उपाय मला दिसत नाहीं.

येथें एक मोह आड येतो. कोणी सल्लागार सांगतो कीं, हीं सारीं लहान कर्जें घराच्या मोठ्या कर्जांत मिसळून टाका, व्याजाचा दर कमी पडेल. दर कमी पडतो हें खरें. पण व्याज कमी पडत नाहीं. दोन लाख रुपये शेंकडा १४ दरानें तीन वर्षांत फेडले, तर व्याज सुमारें ४६ हजार होतें. तेच दोन लाख शेंकडा ९ दरानें वीस वर्षें खेळविले, तर व्याज सुमारें २ लाख ३२ हजार होतें. दर हलका, आणि भार पांचपट ! एका वेळीं मुद्दलाहून अधिक व्याज वसूल करूं नये, असा दामदुप्पटीचा आपला जुना दंडक होता; आणि येथें आपण मुद्दलाहून अधिक व्याज आपल्या संतोषानें देऊं करतों. उत्पन्न खुंटलें असेल आणि हप्ते भागतच नसतील, तर गोष्ट निराळी. एरव्हीं या वाटेस जाऊं नये.

आतां भागीदारीचा खरा प्रश्न. घरांत माझा निम्मा हिस्सा आहे, म्हणून कर्जही माझें निम्मेंच, अशी पुष्कळांची समजूत असते. ती चुकीची आहे. १८७२ च्या कराराच्या कायद्याचें ४३ वें कलम असें सांगतें कीं, अनेकांनीं मिळून दिलेलें वचन विरुद्ध करार नसेल तर कोणाही एकाकडून पुरतें वसूल करतां येतें. ज्यानें भरलें त्यानें मग दुसऱ्याकडून त्याचा वांटा मागावा. म्हणून भावाचा हप्ता चुकला, तर दार आपलें वाजतें. शिवाय २००० सालीं स्थापन झालेली सिबिल आणि तिच्यासारख्या इतर पत-माहिती कंपन्या, २००५ च्या कायद्याच्या नियंत्रणाखालीं, प्रत्येक कर्जदाराची नोंद ठेवतात. ३०० ते ९०० असा तो गुणांक. एकाच्या कसुरीची खूण सहकर्जदाराच्या नांवापुढेंही उमटते. मित्रास जामीन राहिलों असल्यास तेंही तेथें दिसतें. ही नोंद वर्षांतून एकदां विनामूल्य मागवितां येते. घर पाहावयास निघण्यापूर्वीं प्रत्येक भागीदारानें ती मागवावी आणि एकमेकांस दाखवावी. सावकाराचें, किराणा दुकानाचें अथवा नातलगाचें देणें त्या नोंदींत नसतें. तें ज्याचें त्यानें तोंडानें सांगावें.

वडिलोपार्जित घर तारण द्यावयाचें असेल, तर आणखी एक सावधगिरी हवी. २००५ च्या दुरुस्तीनें हिंदु एकत्र कुटुंबांतील मुलीस मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. तेव्हां बहिणीस न विचारतां केलेलें गहाण बँक स्वीकारीत नाहीं, आणि स्वीकारूंही नये. एका भावानें आपला अविभक्त हिस्सा परक्यास विकला, तरी कायदा त्या परक्यास राहत्या घरांत घुसूं देत नाहीं; आणि त्यानें वांटणीचा दावा लावला, तर १८९३ च्या वांटणीच्या कायद्यानें घरच्या माणसास तो हिस्सा योग्य किंमतीस विकत घेतां येतो. कायदा घराचें घरपण इतपत राखूं पाहतो. आपण मात्र पुष्कळदां बहिणीची सही हा एक उपचार समजतों !

भागीनें घर घेण्याची कल्पना नवी नाहीं. मुंबईस गांवदेवीवर १९१५ सालीं सारस्वत सहकारी गृहरचना संस्था स्थापन झाली. एकट्यास न झेपणारें घर अनेकांनीं मिळून साधावें, हाच तिचा आधार. आजही सहकारी संस्थेंतील सदनिकेवर कर्ज काढतांना संस्थेचा ना-हरकत दाखला मागतात, तो याच सामाईकपणामुळें. इंग्लंडांत तर घराचा कांहीं हिस्साच कर्ज काढून विकत घेण्याची पद्धति आहे. २०२१ पासूनच्या तेथील नमुन्यांत हा हिस्सा शेंकडा १० पासून ७५ पर्यंत असतो. उरलेल्याचें भाडें द्यावयाचें, आणि ऐपतीप्रमाणें हिस्सा वाढवीत जावयाचा. तेथेंही कर्ज देणारा आधींचे हप्ते आणि तें भाडें वजा घालूनच उरलेल्या मिळकतीकडे पाहतो. देश कोणताही असो, वजाबाकी तीच.

तेव्हां करावयाचें काय, तें थोडक्यांत सांगतों. प्रथम सर्व भागीदारांनीं एकत्र बसून प्रत्येकाचें देणें एका कागदावर लिहावें. या बैठकींत घरांतील स्त्रियांस अवश्य बसवावें; दुकानाची उधारी आणि गहाण पडलेला दागिना त्यांनाच ठाऊक असतो. नंतर ज्या देण्याचा हप्ता मोठा व मुद्दल थोडें राहिलें आहे तें आधीं फेडावें. घराच्या किंमतीपैकीं भागीदारांनीं घालावयाची रक्कम नव्या कर्जानें उभारूं नये. तीस लाखांपर्यंतच्या कर्जांत बँक किंमतीच्या शेंकडा ९० पर्यंत देऊं शकते. उरलेला भाग आणि मुद्रांक-नोंदणीचा खर्च हातीं असल्यावांचून व्यवहारास हात घालूं नये. कोण किती भरणार, कोणी भरूं शकला नाहीं तर काय, आणि कोणास बाहेर पडावयाचें झालें तर त्याचा हिस्सा कोणत्या किंमतीस घ्यावयाचा, हें सख्ख्या भावांनींही लिहून ठेवावें. लिहिण्यानें प्रेम कमी होतें असें मला कधीं दिसलें नाहीं. न लिहिल्यानें झालेले तंटे मात्र गांवोगांव दिसतात. बँकेपासून कांहीं लपवूं नये. शेवटीं, कर्ज फिटतांच आपले कागद परत घ्यावेत. रिझर्व्ह बँकेच्या २०२३ च्या आज्ञेप्रमाणें पूर्ण फेडीनंतर ३० दिवसांत मूळ दस्तऐवज परत मिळाले पाहिजेत. बँकेमुळें उशीर झाला तर दर दिवसास ५ हजार रुपये भरपाई तिनें द्यावयाची असते.

देणें असणें ही लाज नव्हे. आपल्या देशांत लग्न, आजार आणि शिक्षण यांपायीं ऋण न झालेलें कुटुंब विरळाच. परंतु तें देणें घेऊन दुसऱ्याबरोबर एका छपराखालीं मालक होऊं पाहणाऱ्यानें तें आधीं त्या दुसऱ्यापुढें मांडलें पाहिजे, कारण उद्यां तें त्याच्याही मानेवर बसणार आहे. बचत गटांतील अक्षरशत्रु बाई आपलें देणें चारचौघींत निःसंकोच ऐकते. आपण शिकलेल्या माणसांनीं तेवढा धीर आपल्या माजघरांत दाखविला, तर घराच्या दाराला कुलूप लावून दुसऱ्याच्या भट्टीवर जाण्याची पाळी, कोणत्याही अर्थानें, आपल्यावर येणार नाहीं.